झारेकरी: झाडूचा नव्हे, झरण्याचा

प्रश्न आलाय तो असा. घानात हातानं सोनं काढून पोट भरणाऱ्या लोकांवरच्या एका लेखाचं मराठी करायचं आहे. मूळ संज्ञेसाठी ‘लघुस्तरीय सुवर्ण खाणकामगार’ असं लिहावं लागतंय, याहून सुटसुटीत शब्द आहे का? कुणीतरी ‘झारेकरी’ सुचवला, पण ‘तो तर झाडूवाल्याला म्हणतात ना?’

नाही हो, नाही म्हणत. ही समजूत मी इतक्यांदा ऐकली आहे, शिकल्यासवरल्या माणसांकडूनही, की आता राहवत नाही. सोनाराच्या दुकानातला केर, राख, मोरीतला गाळ धुऊन त्यातलं सोनं-चांदी काढणारा तो झारेकरी. हिंदीत त्यालाच न्यारिया म्हणतात. न्यारा म्हणजे वेगळा, आणि हा सोनं मातीपासून वेगळं करतो. मुंबईच्या झवेरी बाजारात हेच काम करणाऱ्यांना घमेल्यावरून घमेलावाला म्हणतात. झाडू यातल्या प्रत्येकाच्या हाती असतो, पण तो कामाची नुसती सुरुवात. घर बांधायचं तर आधी जागा झाडावी लागते, म्हणून गवंड्याला कुणी झाडूवाला म्हणत नाही.

कोल्हापूरच्या गुजरीत, म्हणजे सराफबाजारात, मी लहानपणी एका बाईला तासभर बघत उभा होतो. दुकानं उघडायच्या आधीची वेळ. फरशांच्या फटीतली माती तिनं कुंचल्यानं हलक्या हातानं काढली, घमेल्यात घेतली, पाणी घातलं आणि घमेलं तिरकं करून गोल फिरवायला लागली. गढूळ पाणी काठावरून झरून जायचं, ती पुन्हा घालायची. शेवटी तळाशी चिमूटभर काळी वाळू उरली आणि तिच्या कडेला केसाएवढी पिवळी रेघ. घमेल्याच्या त्या कलण्यातच सगळी विद्या आहे. सोनं त्याच आकाराच्या पाण्याच्या १९ पट जड, वाळू जेमतेम अडीच पट. म्हणून पाणी वाळूला घेऊन जातं आणि सोनं जागचं हलत नाही.

आता शब्दाकडे बघा. संस्कृत ‘क्षर्’ म्हणजे पाझरणं, वाहणं. प्राकृतात ‘क्ष’चा ‘झ’ झाला आणि झरणं, झरा हे शब्द आपल्याकडे आले. तोटीतून धार सोडते ती झारी (शुक्राचार्य बसले होते तीच, त्यांची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे). तूप खाली झरू देतो आणि बुंदी वर धरून ठेवतो तो झारा. ‘भाला’वरून भालेकरी, तसा ‘झारा’वरून झारेकरी. नको ते झरू द्यायचं आणि हवं ते धरून ठेवायचं, हे हलवायाच्या कढईवर चालतं आणि बाईच्या घमेल्यातही.

रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांतातल्या जातीजमातींवर ग्रंथ काढला. त्यात नदीच्या वाळूतून सोनं धुणाऱ्या सोनझारा जातीची नोंद आहे, आणि ज्या जिल्ह्यांत ती सांगितली आहे त्यांत आपला चांदा, म्हणजे आजचा चंद्रपूर, आहे. नावाची फोड त्यांनी ‘सोना’ आणि ‘झारना’, म्हणजे झाडणं किंवा धुणं, अशी केली. नुसत्या ‘झारा’साठी ‘झोरी’, म्हणजे ओहोळ, हा पर्यायही दिला. मला दोन्ही पटत नाहीत. नदीच्या पात्रात झाडायचं काय? हिंदी बोलींत ‘झाड़ना’चं ‘झारना’ होतं, त्या उच्चारानं त्यांची फसगत झाली असं माझं स्पष्ट मत आहे. आणि ओहोळावरून नाव पडलं म्हणावं, तर गुजरीच्या गल्लीत ओहोळ कुठला? गल्ली असो की नदी, दोन्हीकडे चालतं ते एकच: पाणी झरू देणं.

याहून गोड गोष्ट पुढे आहे. ‘झिजणं’सुद्धा ‘क्ष’चाच ‘झ’ होऊन आलं, ‘क्षीयते’पासून. सोनं कानशीखाली झिजतं, त्याचा कीस सोनाराच्या बोटांना, बसकराला, हात धुतलेल्या पाण्याला लागतो. म्हणून सोनार ते पाणी ओतून टाकत नाही आणि जुनं बसकर फेकत नाही. ते जाळतो आणि राख ठेवतो. ती राख जाते झारेकऱ्याकडे. झिजलेलं सोनं झरणारा परत आणतो! हे दोन ‘झ’ शेजारी ठेवून बघितले तेव्हापासून मला हा धंदा भाषेनंच जोडून दिल्यासारखा वाटतो.

‘खाणकामगार’वर माझा राग यासाठी, की खाण ‘खन्’पासून, खणण्यापासून आली, आणि सोनं खणण्याच्या आधीपासून माणूस ते धूत आला आहे. संस्कृतात सोन्याला ‘जांबूनद’ म्हणतात, जंबू नदीचं. सुवर्णरेखा नदीचं नाव तर समोरच आहे. शिवाय कामगार म्हटला की मालक, हजेरी, पगार आला. जगात साधारण दीड कोटी माणसं हातानं सोनं काढतात, त्यातल्या बहुतेकांना यातलं काही नाही. गाळातला सोन्याचा बारीक कण धरायला ती पारा चोळतात, उघड्या हातांनी. मग सोनं धरलेल्या पाऱ्याचा गोळा फडक्यातून पिळून चुलीवर ठेवतात, पारा उडून जातो आणि त्याची वाफ त्याच घरातली पोरं ओढतात. माणसामुळे हवेत जाणाऱ्या पाऱ्याचा सगळ्यात मोठा वाटा याच कामातून जातो. अशा माणसाला कागदी नाव देऊन मोकळं होणं मला तरी जमत नाही.

घानातल्या लोकांनी या धंद्याला स्वतःचं नाव दिलंय: गलामसे. इंग्रजी ‘गॅदर देम अँड सेल’, म्हणजे गोळा करा नि विका, तोंडातोंडी घासून तसं झालं असं सांगतात. ते नाव लेखात एकदा तसंच येऊ द्या. नदीकाठी गाळ धुणारे असतील त्यांना बेधडक ‘झारेकरी’ लिहा. खड्ड्यात उतरून दगड फोडणारे असतील त्यांना मात्र झारेकरी म्हणू नका. ‘सोनं खणणारे’ एवढं साधं लिहिलं तरी पुरे.