एक बादली आणि शेवटचा मग

"मॅडम, मीच त्याला पाण्यात बसवते आणि दहा मिनिटांनी मीच ओरडायला लागते. मग तो रडतो, चावतो, आणि शेवटी हातात मोबाईल दिला की गप्प होतो. माझं चुकतंय कुठे?"

एप्रिलचा दुसरा आठवडा होता. नाशिकच्या पाथर्डी फाट्याकडच्या एका रो-हाउसमधली ही आई. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. मुलगा पाच वर्षांचा, धाकटी चौदा महिन्यांची, नवरा अंबडला कारखान्यात शिफ्टमध्ये, घरी सासूबाई. घरामागे कोबा केलेलं छोटं अंगण, कडेला कढीपत्ता, जास्वंद आणि चार कुंड्या.

उन्हाळा लागला की हा प्रश्न माझ्याकडे हमखास येतो. मुलांना पाण्यात खेळू द्यावं का? सर्दी होईल, पाणी वाया जाईल, आणि एकदा बसला की उठणार नाही. तिन्ही काळज्या खऱ्या आहेत. पण या घरात रोजचं भांडण नेमकं कशावरून पेटत होतं, ते आधी शोधायला हवं होतं.

मी आईला विचारलं, "पाणी सांडताना दिसलं की तुम्हाला काय होतं?"

ती थोडा वेळ हाताकडे बघत राहिली. "पोटात खड्डा पडतो. माझं माहेर येवला तालुक्यातलं. टँकर आला की शाळा टाकून हंडा घेऊन पळायचो. वाटेत पाणी हिंदकळलं तर आजीचा धपाटा. इथे नळाला पाणी येतं, कळतं मला. पण हात आपोआप नळ बंद करायला जातो."

हे ऐकल्यावर 'ओरडू नका' एवढं सांगून तिला परत पाठवणं मला अन्यायाचं वाटलं असतं. गंगापूर धरणाच्या जिवावर आपण नाशिककर निवांत असतो, पण याच जिल्ह्यात बायका उन्हाळाभर टँकरची वाट बघतात. तिची भीती अगदी योग्य होती. फक्त ती खेळाच्या मध्येच, ओरडण्यातून बाहेर पडत होती. मुलाच्या बाजूनं बघा. खेळ ऐन रंगात आलेला असताना वरून एक हात येतो आणि नळ बंद होतो. कधी येईल त्याचा नेम नाही. 'अजून दहा मिनिटं' हे पाच वर्षांच्या मुलाला कळत नाही. बादलीतलं पाणी खाली गेलेलं मात्र त्याला डोळ्यांनी दिसतं.

म्हणून आम्ही ठरवलं: नळी बंद, रोज एकच बादली. पंधरा लिटरची. नळी सोडली की एवढं पाणी बोलता बोलता वाहून जातं. मगानं वापरलं तर तासभर पुरतं. बादली त्यानंच निवडायची. शेवटचा मग कुठल्या झाडाला घालायचा, तेही त्यानंच ठरवायचं. साबण वापरायचा नाही, म्हणजे अंगावरून ओघळलेलं पाणीही कुंड्यांकडे वळवता येतं.

दुसऱ्या भेटीला सासूबाई आल्या. त्यांचा सगळा भर सर्दीवर. मी म्हटलं, "आजी, सर्दी विषाणूंमुळे होते, एकाकडून दुसऱ्याला लागते. नुसतं पाण्यात खेळून ती होत नाही. पण तुम्ही म्हणता तसं डोकं लगेच कोरडं करायचं, ओल्या कपड्यांत राहू द्यायचं नाही. आणि कान वाहत असेल किंवा दम्याचा त्रास असेल, तर आधी डॉक्टरांना विचारायचं." मग सहज विचारलं, त्यांच्या लहानपणी पाण्याचे खेळ कसले असायचे? आजी जुन्या नाशकातल्या, तिवंध्याजवळच्या. रंगपंचमीला रहाडी, म्हणजे जमिनीतले रंगाचे जुने हौद, उघडायच्या, भाऊ रंगाच्या पाण्यात धप्पकन उड्या मारायचे आणि अंगणभर रंगीत पावलं उमटवत घरी यायचे. सांगताना त्यांनी धप्पकन असा हात आपटला की नातू हसायला लागला. त्या दिवसापासून बादलीचा कारभार आजींकडे गेला.

मुलाला मी दोन सारख्या वाट्यांत सारखं पाणी दिलं. एक वाटी त्याच्यासमोर उंच, अरुंद ग्लासात ओतली. तो लगेच म्हणाला, "ह्याच्यात जास्त आहे!" परत वाटीत ओतल्यावर, "आता सेम झालं." स्विस मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी मुलांचा हा समज बारकाईनं अभ्यासला होता. साधारण सातव्या वर्षाच्या आसपास मुलांना उमगतं की भांडं बदललं तरी पाणी तेवढंच राहतं. शंभरदा सांगण्यापेक्षा ते ओतता ओतता जास्त पक्कं होतं. मी आईला म्हटलं, तो पाणी इकडून तिकडे करत बसतो तेव्हा रिकामा बसलेला नसतो.

खेळासाठी विकत काही आणायला लावलं नाही. पिंपळगावच्या काकांकडे द्राक्षांचा जुना क्रेट होता. तो दोन स्टुलांवर ठेवून वरून मग ओतला की खाली पाऊस. बाटलीच्या झाकणाला भोकं पाडून झारी झाली. नरसाळं, गाळणी, जुनी पळी, काय बुडतं नि काय तरंगतं ते बघायला चिंच, बटाटा आणि करवंटी. आदल्या रात्री वाटीत गोठवलेलं जास्वंदीचं फूल बर्फातून सोडवायला मिठाची चिमूट. पण त्याचा सगळ्यात आवडता खेळ निघाला रंगाऱ्याच्या जुन्या ब्रशचा. तापलेल्या भिंतीवर पाण्यानं स्वतःचं नाव काढायचं, आणि शेवटचं अक्षर होईपर्यंत पहिलं उडून गेलेलं. यात वाटीभर पाणीसुद्धा लागत नाही. वेळ सकाळी नऊच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतर. भर दुपारी पाणी असलं तरी ऊन लागतंच.

आता एका गोष्टीवर मी मुद्दाम थांबते. आईनं मोबाईलवर अंगणाचा व्हिडिओ दाखवला. मुलगा नखशिखांत भिजलेला, आणि त्याच्या पाठीशी हातभर अंतरावर खिडकीतला पत्र्याचा कूलर चालू. माझा आवाज चढला, ते मी कबूल करते. ओल्या अंगानं अशा कूलरला हात लागून शॉक बसल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात. खेळ मागच्या अंगणात असेल तर कूलर बंद, प्लग काढलेला, मोटरची वायरही दूर. कधी नळी वापरलीच, तर उन्हात पडलेल्या नळीतलं पहिलं पाणी चटका देणारं असतं. ते आधी सोडून द्या.

आणि धाकटी. थोरल्याची बादली तिच्यासाठी धोकादायक आहे. एवढ्या लहान बाळाचं डोकं अंगाच्या मानानं जड असतं; वाकून बादलीत पडलं की स्वतःहून वर येता येत नाही. बोटभर खोलीचं पाणीही पुरतं, आणि बुडताना मूल आरडाओरडा करत नाही, आवाजच होत नाही. तिला परातीत थोडंसं पाणी, आणि मोठं माणूस हाताच्या अंतरावर. दाराची बेल वाजली तर बाळाला उचलून घ्यायचं, मगच दार उघडायचं. खेळ संपला की भांडी पालथी घालायची, म्हणजे डासांची अंडीही होत नाहीत.

चौथ्या दिवशी आईचा फोन. "मॅडम, त्यानं दुसरी बादली मागितली, फार रडला म्हणून मी दिली. आज तीन मागतोय." मी म्हटलं, हे होणारच. आज एकच द्या. रडला तर शेजारी बसा आणि म्हणा, 'संपलं ना, वाईट वाटतंय.' समजूत घालू नका, मोबाईल देऊ नका, तिथून उठूही नका. त्या दिवशी तो बराच वेळ रडला. दुसऱ्या दिवशी कमी. चावणं लगेच थांबलं नाही, त्याला मे उजाडावा लागला. मोबाईल दुपारी अजून लागतो. त्याचं मी फार मनावर घेतलं नाही, आईनंही घेऊ नये असं सांगितलं.

शेवटच्या भेटीत तिनं आणखी एक व्हिडिओ दाखवला. चुलतभाऊ आलेला, आणि आमचे साहेब त्याला नियम समजावतायत: "एकच बादली मिळते. शेवटचा मग कढीपत्त्याला, आणि तो मी घालणार." मागून आजींचा मग मोजण्याचा आवाज. कोपऱ्यात धाकटीची परात होती, आणि त्यात बाळाच्या पावलांशेजारी आणखी दोन पावलं, जोडव्यांसकट, घोट्यापर्यंत भिजलेली.