बी.लिब. झाल्यावर ग्रंथपालाने नवे काय शिकावे? कोल्हापुरात काही संधी आहे का?

बी.लिब. (ग्रंथालयशास्त्राची पदवी) झाले आहे, महाविद्यालयांत जागा निघत नाहीत, मग एम.लिब. करावे की काही नवे शिकावे, असे तुम्ही विचारले आहे. शेवटी तुम्ही जोडले आहे, "पुस्तकांची देवघेव एवढेच काम असेल, तर आणखी शिकून उपयोग काय?" मी उत्तर लिहायला बसले ती या शेवटच्या वाक्यामुळे, कारण ग्रंथपाल म्हणून काम करताना ते मी कोल्हापुरातल्याच एका महाविद्यालयाच्या स्टाफरूममध्ये चारचौघांसमोर ऐकलेले आहे.

आमच्याकडील एका ज्येष्ठ प्राध्यापकांचा शोधनिबंध एका नियतकालिकाने स्वीकारला होता, आणि पदोन्नतीच्या फायलीसाठी त्यांना माझी फक्त सही हवी होती. नियतकालिकाचे नाव यूजीसी-केअर, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या तेव्हाच्या मान्य नियतकालिकांच्या यादीत होते, आयएसएसएन हा नियतकालिकाचा ओळखक्रमांकही जुळत होता. तरीही मला संकेतस्थळ पाहून शंका आली. एकाच अंकात पदार्थविज्ञान, हिंदी कविता आणि सहकारी पतसंस्था असे लेख शेजारी शेजारी होते. लेख पाठवल्यापासून तिसऱ्या दिवशी स्वीकृती आली होती आणि शुल्क एका व्यक्तीच्या खात्यात भरायला सांगितले होते. मुख्य म्हणजे हे नियतकालिक आमच्याकडे पूर्वी छापील येत असे, आणि ते त्रैमासिक होते, हे मला आठवत होते. संकेतस्थळावर मात्र वर्षाला बारा अंक दिसत होते. मी तळमजल्यावरच्या मांडणीतून लाल रेक्झिनचा बांधीव खंड काढला, आतल्या पानावरचा दूरध्वनी क्रमांक लावला, तेव्हा पलीकडून संपादकांनीच सांगितले, "आमचे संकेतस्थळच नाही हो, बाई." कोणीतरी त्यांचे नाव आणि क्रमांक उचलून बनावट दुकान थाटले होते.

मी तो खंड घेऊन स्टाफरूममध्ये गेले. सरांनी तो उघडूनही पाहिला नाही. "मॅडम, तुम्ही पुस्तकांची देवघेव बघा, संशोधनाचे आम्ही बघतो," एवढे म्हणून त्यांनी चहा संपवला आणि त्याच आठवड्यात पैसे भरले. दीड वर्षाने छाननी समितीने तो निबंध बाद केला. मला हे कोणी सांगितले नाही, आस्थापना विभागातल्या लिपिकाकडून कळले. पुढे प्राचार्यांनी याच विषयावर सर्व शिक्षकांसाठी माझे व्याख्यान ठेवले. त्या दिवशी सर रजेवर होते.

तेव्हा पहिले कौशल्य हे धरा: संशोधकाला खरे-खोटे ओळखून देणे. केअर यादी २०२५ मध्ये बंद झाली आणि नियतकालिक पारखण्याची जबाबदारी संस्थांवर आली. ज्या संस्थेत ग्रंथपालाला हे येत नाही, तिथे ती पारख कोण करते हे विचारायलाच नको. वाङ्मयचौर्य तपासणीचेही तसेच आहे. यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीनुसार १० टक्क्यांपर्यंतचे साम्य चालते आणि ४० टक्क्यांपर्यंत असेल तर प्रबंध दुरुस्त करून पुन्हा सादर करावा लागतो, हे सगळ्यांना पाठ असते. पण अहवालातील कोणते साम्य अवतरणाचे, कोणते संदर्भसूचीचे आणि कोणते खरोखर उचलेगिरीचे, हे ओळीवर बोट ठेवून सांगणारा माणूस विरळा. "मॅडम, टक्के तेवढे कमी करून द्या," म्हणणारे मात्र दर आठवड्याला येतात. त्यांना नाही म्हणणे हेही शिकावे लागते.

दुसरे, कोहा. न्यूझीलंडमधील एका ग्रंथालयासाठी तयार झालेली आणि २००० पासून वापरात असलेली ही ग्रंथालय चालवण्याची मुक्त संगणकप्रणाली नुसती वापरायला नव्हे, तर लिनक्सवर स्वतः बसवायला, जुन्या नोंदी मार्क २१ या तालिकीकरणाच्या प्रमाण नमुन्यात आणायला आणि एसक्यूएल या माहितीसाठ्याला प्रश्न विचारण्याच्या संगणकीय भाषेने अहवाल काढायला शिका. हे येणाऱ्याला कंत्राटी का होईना, काम मिळते.

कोल्हापूरपुरते सांगायचे तर येथे जुना कागद भरपूर आहे. करवीर नगर वाचन मंदिर १८५० चे, संस्थानकाळातील दप्तरे पुराभिलेखागारात, शिवाय जुन्या घराण्यांच्या माळ्यावरचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, वेगळेच. मोडी वाचता येणारे आहेत आणि स्कॅनिंग करणारेही आहेत; पण मोडी वाचून, कागदाला इजा न होता त्याचे स्कॅन करून, पुन्हा सापडेल अशी नोंद डीस्पेस या डिजिटल संग्रहाच्या प्रणालीत करणारी एकच व्यक्ती मला अजून भेटलेली नाही. मी तुमच्या वयाची असते तर हेच केले असते.

आता जे आधी सांगायला हवे होते ते. मी कायम नोकरीत आहे, त्यामुळे हे लिहिणे मला सोपे आहे. कंत्राटी कामाचे पैसे तुटपुंजे असतात आणि ते वेळेवर मिळतीलच असे नाही. महाविद्यालयीन ग्रंथपालपदासाठी ५५ टक्क्यांसह एम.लिब. आणि नेट किंवा सेट (किंवा नियमानुसार पीएच.डी.) लागतेच, कोहा कितीही येत असले तरी. म्हणून एम.लिब. कराच; फक्त प्रवेश घेण्यापूर्वी विभागात जाऊन कोहा आणि डीस्पेस प्रत्यक्ष हाताळायला मिळते की केवळ टिपणे दिली जातात, हे चालू वर्षाच्या विद्यार्थ्यांना विचारा, प्राध्यापकांना नको.