‘संपवावं लागतं’… पण कुणी?

“मॅडम, माझा मुलगा उद्या कुणाचा जीव तर घेणार नाही ना?”

दिवाळीनंतर माझ्याकडे समुपदेशनासाठी आलेल्या एका आईंचा हा पहिलाच प्रश्न. त्या शाळेत मराठी शिकवतात. मुलगा वीस वर्षांचा, इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, होस्टेलवर राहणारा. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. लिहायला दोघांचीही संमती आहे.)

झालं होतं असं. सगळे फराळाला बसले असताना काकांशी राजकारणावरून जुंपली. मुलगा म्हणाला, “नवा समाज उभा करायचा तर काही लोकांना संपवावंच लागतं. समूहापुढे एकेका माणसाचं काय घेऊन बसलात?” स्टालिन, माओ, पोल पॉट, सगळ्यांची वकिली करून झाली. आई चिडून म्हणाल्या, “आणि त्यात तुझी आजी गेली तर?” तो म्हणाला, “चालेल.” आजी तिथेच बसली होती. तिने त्याच्या ताटलीत आणखी एक चकली ठेवली आणि उठून आत गेली.

एवढं सांगून आई रडायला लागल्या.

असे पालक माझ्याकडे येत असतात. कुणाचं पोर डावीकडच्या टोकाला गेलेलं असतं, कुणाचं उजवीकडच्या, कुणाचं धर्माच्या नावाने. सगळे एकच विचारतात, वाद घालू की गप्प बसू? मी आधी मुलाची विचारसरणी विचारत नाही. जुने मित्र तुटलेत का, कॉलेज सुटलंय का, पैसे कुठे जातायत, ते विचारते. एखाद्या माणसाचं किंवा जागेचं नाव घेऊन तो हिंसेची भाषा करत असेल, शस्त्राची चौकशी करत असेल, तर एक दिवसही थांबू नका, लगेच मदत घ्या. या मुलाबाबत तसं काही नव्हतं. बदलली होती ती त्याची भाषा. “मोबाइल काढून घेऊ नका,” मी आईंना सांगितलं, “घरचेही आपल्या विरोधात आहेत, याचा आयता पुरावा त्याला मिळेल.”

तो आला तो बॅग मांडीवर घट्ट धरूनच बसला. वादाची तयारी करून आला होता. मी त्याच्यापुढे कागद ठेवला. “फराळाच्या वेळचं तुझं वाक्य लिही.” त्याने लिहिलं, ‘काही लोकांना संपवावं लागतं.’

“यातला कर्ता शोध.”

तो हसला. मराठीच्या बाईंचा मुलगा. “भावे प्रयोग. कर्ता दिलेलाच नाहीये.”

“मग घाल.”

त्याने लिहिलं, ‘क्रांतीला’. मी म्हटलं, क्रांतीला हात नसतात. त्याने खोडून ‘पक्षाला’ केलं. पक्षातल्या कुणाला? पेन थांबलं. चांगला अर्धा तास आम्ही त्या एका शब्दापाशी होतो.

पोल पॉटचं नाव त्यानेच घेतलं होतं, म्हणून मी कंबोडियाकडे वळले. 17 एप्रिल 1975 ला पोल पॉटच्या ख्मेर रूज या कम्युनिस्ट संघटनेने राजधानी नॉम पेन्ह घेतली आणि अख्खं शहर रिकामं करायला लावलं. इस्पितळातल्या रुग्णांनाही रस्त्यावर काढलं. पैसा बंद, बाजार बंद, पुढे घरची चूलही बंद. हुकूम ‘अंगकार’चा. अंगकार म्हणजे संघटना. तिला ना नाव, ना चेहरा. कित्येकांना तर आपल्यावर नेमकं कोण राज्य करतंय हेही ठाऊक नव्हतं. 7 जानेवारी 1979 ला सत्ता कोसळेपर्यंत 15 ते 20 लाख माणसं उपासमारीने, रोगाने, राबून राबून आणि कत्तलीत गेली.

पण हुकूम कागदावर उतरवणारा हात कुणाचा तरी असतोच. ख्मेर रूजचा नॉम पेन्हमधला तुओल स्लेंगचा तुरुंग आधी शाळा होती आणि त्याचा प्रमुख डुच हा गणिताचा मास्तर. कैद्यांकडून छळ करून लिहून घेतलेले कबुलीजबाब तो वाचायचा आणि त्यांवर शेरे मारायचा. लहान मुलांची नावं असलेल्या एका यादीवर सगळ्यांना मारून टाकायचा आदेश त्याच्या अक्षरात आहे. तिथे 12 हजारांहून जास्त माणसं मारली गेली. (बघ, मीही ‘मारली गेली’ म्हणाले. हा प्रयोग आपल्या सगळ्यांच्याच तोंडात बसलाय.)

“त्याने नकार दिला असता तर त्यालाच मारलं असतं,” मुलगा म्हणाला. मुद्दा खरा होता. त्या तुरुंगातले कितीतरी पहारेकरी पुढे त्याच कोठड्यांत गेले. खटल्यात डुचनेही हेच मांडलं. 2009 च्या मार्चमध्ये त्याने जबाबदारी स्वीकारली, माफी मागितली आणि नोव्हेंबरमध्ये शेवटच्या दिवशी मला सोडा म्हणाला. न्यायालयाने 2010 मध्ये 35 वर्षांची शिक्षा दिली, 2012 मध्ये अपिलात ती जन्मठेप झाली. भीती ऐकून घेतली गेली, पण शेरा कुणी मारला याचं उत्तर त्यामुळे बदललं नाही.

मग मी विचारलं, “डुचला जिवाची भीती होती असं धरू. फराळाला बसताना तुला कुणाची भीती होती?”

तो बराच वेळ बोलला नाही. कागद उलटा केला आणि लिहिलं, ‘मी आजीच्या तोंडावर चालेल म्हणालो.’

त्यानंतर तो चार वेळा आला. विषमतेबद्दलची त्याची चीड तशीच आहे आणि ती राहावी असं मला मनापासून वाटतं. स्टालिनवरून आमचं अजून वाजतं. पण त्या पहिल्या दिवशी जाताना त्याने दारातून विचारलं होतं, “तिने चकली का ठेवली असेल?”

“तिलाच विचार.”

त्याने जिन्यातूनच फोन लावला. आजीला कमी ऐकू येतं. मला आतपर्यंत ऐकू येत होतं, “आजी, मी. अगं मी बोलतोय… मी!”