कोणीतरी वाट बघेल असा छंद

अपघाताने आयुष्य बदललेल्या सोलापूरकरांची ही काही पत्रं. उत्तरं ऑक्युपेशनल थेरपिस्ट म्हणून, म्हणजे अपघात-आजारानंतर रोजची कामं पुन्हा जमवायला शिकवणारी म्हणून, देते आहे. वैयक्तिक तपासणीची जागा हा मजकूर घेऊ शकत नाही, हे लक्षात असू द्या.

प्रश्न : वय ३९. यंत्रमागावर जॉबर होतो. मोटारसायकल घसरून मणक्याला मार बसला, कमरेखालची हालचाल गेली. व्हीलचेअरवर आहे. घरचे म्हणतात, मोबाइल बघ, टीव्ही बघ. दिवस सरत नाही. कधी कधी वाटतं, तेव्हाच गेलो असतो तर बरं झालं असतं. (पूर्व भाग)

तुमच्या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करते. ते मनात ठेवू नका, आजच घरातल्या एका माणसाजवळ बोला. मानसिक आरोग्यासाठीच्या 'टेलीमानस' सेवेचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे, रात्रंदिवस चालू असतो आणि मराठीतही बोलता येतं. तो लावा. अशा विचारांवर उपचार आहेत.

आता दिवसाचं. मोबाइलने तुमचा वेळ जाणार नाही, कारण मोबाइलचं तुमच्यावाचून काही अडत नाही. कारखान्यात माग बंद पडला की विणकर तुम्हाला हाक मारायचे आणि तुम्ही गेल्याशिवाय तो हलायचा नाही. पायांबरोबर ती हाकही गेली. म्हणून नवा छंद शोधताना 'मला बसून काय करता येईल' हा प्रश्न दुसरा ठेवा. 'मी केलं नाही तर कोण विचारायला येईल' हा पहिला.

तुमच्या हातातल्या विद्येवरून दोन गोष्टी सुचतात. चादरीचं जेकॉर्ड डिझाइन, म्हणजे मागावर विणून उमटणारी नक्षी, ग्राफच्या कागदावर चौकट चौकट भरून मांडता येतं. कुठला धागा उचलला जाईल हे तुम्हाला कागद बघूनच कळेल, नवख्याला ते शिकायला फार वेळ लागतो. एखादा मोर, एखादी वेलबुट्टी काढा आणि ओळखीच्या कारखानदाराला दाखवा. दुसरं म्हणजे गल्लीतले मिक्सर, पंखे, इस्त्र्या. टेबल खुर्चीच्या उंचीचं करून घ्या आणि दुरुस्तीला बसा. पैसे मिळाले तर उत्तम, पण 'काका, आमचा मिक्सर झाला का?' असं कोणी दारातून विचारलं की तुम्हाला फरक जाणवेल.

पण तीन गोष्टी कटाक्षाने सांभाळा. सोल्डरिंगची गन, गरम इस्त्री, चहाचा पेला मांडीवर कधीही ठेवू नका, संवेदना नसलेली कातडी भाजली तरी कळत नाही. कामात कितीही रंगलात तरी दर पंधरा-वीस मिनिटांनी हातांवर जोर देऊन अंग उचला किंवा पुढे वाका, नाहीतर बसण्याच्या जागी जखम होते आणि ती भरायला महिने जातात. आणि उन्हाळा. इजेच्या खालच्या भागाला घाम नीट येत नाही. इजा मणक्यात जितकी वर, तितका हा त्रास जास्त. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या पुढे जातो, तेव्हा काम सकाळी उरका आणि ओला टॉवेल मानेवर असू द्या.

प्रश्न : अपघातात उजवा हात कोपराखाली गेला. रांगोळी माझा जीव की प्राण. मुली आता कशालाच हात लावू देत नाहीत. आणि नसलेला हात दुखतो, हे सांगायचीही लाज वाटते. (जुळे सोलापूर)

लाज कसली, ताई? हात गेला तरी मेंदूतली त्याची जागा तशीच असते. तिथून कळ येते आणि ती खरी असते. डॉक्टरांना स्पष्ट सांगा. औषधं आहेत. शिवाय आरशासमोर डावा हात हलवून त्याच्या प्रतिबिंबाकडे उजवा हात म्हणून बघायचा, असा एक व्यायाम थेरपिस्ट शिकवतात. काहींना त्याने आराम पडतो.

डाव्या हाताची चिमूट बसायला काही महिने लागतील. तोवर झाकणाला भोक पाडलेल्या प्लास्टिकच्या बाटलीतून रांगोळी सोडा, ठिपके लांब-लांब ठेवा. रेघ वाकडी आली तर पुसू नका, पुढच्या महिन्यात तिच्याशेजारी दुसरी काढून बघता यावी म्हणून फोटो काढून ठेवा. स्वयंपाकघरातही हेच. परातीखाली ओलं फडकं घातलं की ती सरकत नाही आणि एका हाताने पीठ मळता येतं. खलबत्त्याखालीही फडकं ठेवा, शेंगांची चटणी एका हाताने कुटता येईल.

मुलींना मात्र हे वाचून दाखवा : आईच्या हातातलं काम मायेपोटी काढून घेता, पण त्याने ती पाहुणी होते. तिला वेळ लागू द्या.

प्रश्न : मी गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजाची उंच काठी पेलायचो. गुडघ्याखाली पाय गेला. काठी नसेल तर यात्राच नको, असं झालंय. (वय ४४)

तुमचं दुःख मी हलकं करणार नाही. सोलापूरचे ग्रामदैवत सिद्धरामेश्वर यांच्या सात नंदीध्वजांपैकी एक पेलणं ही मानाची सेवा, तिची बरोबरी दुसऱ्या कशाने होत नाही. काठी पुन्हा पेलता येईल का, हे कृत्रिम पाय बसवणारे तज्ज्ञ आणि तुमचे डॉक्टरच ठरवतील, परवानगीशिवाय सरावात उतरू नका. जयपूर फूट हा कृत्रिम पाय मुळात आपल्यासारख्या अनवाणी चालणाऱ्या, उकिडवं बसणाऱ्या माणसांसाठी बनला आहे. बाराबंदी हा यात्रेचा पांढरा पोशाख घालून मिरवणुकीत चालण्याचं ध्येय वाजवी आहे.

दरम्यान, सराव सुरू झाला की तिथे जाऊन बसा. तोल कुठे सुटतो, कंबर कशी धरायची, हे नव्या पोरांना सांगणारा जाणता माणूस लागतोच. मुरलीकांत पेटकर सैन्यात बॉक्सर होते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये पोहण्याचं सुवर्णपदक जिंकले. बॉक्सिंग गेलं ते गेलंच, पण झुंजण्याची भूक त्यांनी दुसरीकडे भागवली. तुमची भूक कुठली आहे, मिरवण्याची, बळाची की सोबत्यांची? माझा अंदाज सोबत्यांची. ते अजून तिथेच आहेत.

प्रश्न : मुलगा १९ वर्षांचा. डोक्याला मार लागला होता. आता चालतो, बोलतो, पण पाच मिनिटांत चिडतो. पार्क मैदानावर क्रिकेट खेळायचा, आता मित्र येत नाहीत. (आई)

बाहेरून तो बरा दिसतो, म्हणून सगळे त्याच्याकडून पूर्वीचीच अपेक्षा करतात. चिडणं हा बहुतेकदा मेंदूचा थकवा असतो. टीव्ही बंद, एका वेळी एकच काम, वीस मिनिटं, मग विश्रांती. डोक्याला दुसरा मार बसणं फार धोक्याचं, त्यामुळे क्रिकेट डॉक्टरांनी सांगितल्यावरच. फिट येण्याची शक्यता असेपर्यंत एकट्याने पोहणं नको आणि गाडी तर चालवायचीच नाही.

सकाळी लवकर त्याला संभाजी तलावाकडे पक्षी बघायला न्या. गर्दी नसते, घाई नसते. दिसलेला पक्षी तिथल्या तिथे वहीत लिहायला लावा, विसरभोळेपणावर वही हाच मोठा आधार आहे. मित्रांची टोळी सध्या नको. कॅरम खेळायला एकालाच बोलवा आणि त्याला आधी एकटं गाठून सांगा, 'हा चिडला तर घरी जाऊ नकोस. दहा मिनिटं बाहेर बस आणि परत आत ये.'