फाइल आपल्या हातात: वाचकांच्या संगणकविषयक प्रश्नांची उत्तरे

मागच्या लेखात साध्या टेक्स्ट फाइली आणि युनिक्स या जुन्या कार्यप्रणालीच्या काळापासून चालत आलेली छोटी साधने यांविषयी लिहिले होते. त्यावर आलेल्या पत्रांपैकी काही इथे घेतो आहे. पत्रे थोडी आटोपशीर केली आहेत.

गिरगावात आमचे छोटे डीटीपी सेंटर आहे. वीसएक वर्षांच्या स्मरणिका आणि दिवाळी अंकांची पाने पेजमेकरमध्ये, जुन्या मराठी फॉन्टमध्ये पडून आहेत. एका मंडळाला जुना मजकूर पुन्हा छापायचा आहे. फाइल उघडते, पण मजकूर मेलमध्ये चिकटवला की इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसतो. ऑनलाइन कन्व्हर्टरने निम्मी जोडाक्षरे बिघडतात. सगळे पुन्हा टाइप करावे का?

नको. मजकूर वाचवता येतो, फक्त नेमके काय बिघडते आहे ते आधी समजून घ्या.

तुमच्या फाइलीत मराठी साठवलेलीच नाही. त्या काळच्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी आकार बसवलेले असत. फाइलीत इंग्रजी अक्षराचा क्रमांक असतो आणि फॉन्ट त्या जागी ‘क’ किंवा काना काढून दाखवतो. फॉन्ट काढून घेतला की मराठीही गेली. एकाच कंपनीच्या दोन फॉन्टमध्येसुद्धा या जागा वेगळ्या असू शकतात, म्हणून एकच कन्व्हर्टर सगळीकडे चालत नाही. क्रमाचाही घोळ आहे. पहिली वेलांटी डोळ्यांना अक्षराच्या आधी दिसते, म्हणून जुन्या फाइलीत ती आधी येते. युनिकोडमध्ये, म्हणजे आजच्या सर्वमान्य अक्षरसंकेतात, ती व्यंजनानंतर साठवतात. रफाराचे नेमके उलटे: दिसतो नंतर, पण युनिकोडमध्ये ‘र्’ आधी येतो. तुमचा मजकूर बिघडतो तो बहुतेक इथे.

पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती २००१ सालची आहे. ते ज्या संगणकावर चालते आहे, तो चालू आहे तोवर हे काम उरका. मूळ फाइलींची एक प्रत वेगळ्या डिस्कवर काढा आणि तिला पुन्हा हात लावू नका. मग प्रत्येक लेख साध्या टेक्स्ट फाइलीत एक्स्पोर्ट करा, फॉन्टप्रमाणे फोल्डर वेगळे ठेवा. प्रत्येक फॉन्टसाठी एक तक्ता बनवा: डावीकडे जुना संकेत, उजवीकडे युनिकोडमधले अक्षर. लांब जोड्या वर, एकेरी चिन्हे खाली, नाहीतर ‘क्ष’ व्हायच्या आधीच त्याचे तुकडे पडतात. हा तक्ता फाइलींवर चालवायला सेड (मजकुरात शोधून बदल करणारी आज्ञा) किंवा पायथन या भाषेतला छोटा प्रोग्राम पुरतो. कॉम्प्युटर शिकणारा कुणीही मुलगा तो तुमच्यासमोर बसून लिहून देईल. तक्ता मात्र तुम्हीच करा. कुठल्या कळीवर कुठले अक्षर आहे, हे तुमच्या बोटांना जितके पाठ आहे तितके त्याला नसणार.

तपासणी करताना पान-पान वाचत बसू नका. रूपांतर झालेल्या सगळ्या मजकुरातले शब्द एका ओळीत एक असे तोडा, सॉर्ट करा (क्रमाने लावा), युनिक ही आज्ञा वापरून प्रत्येक शब्द किती वेळा आला ते मोजा आणि त्या आकड्यांवर पुन्हा सॉर्ट करा. एकदाच किंवा दोनदाच आलेले शब्द एकत्र समोर येतात आणि बिघडलेली जोडाक्षरे त्यांतच सापडतात. एका साधनाचे फलित थेट दुसऱ्याला देण्याची ही पद्धत डग मॅकिलरॉय यांच्या कल्पनेतून १९७३ साली युनिक्समध्ये आली. १९८६ साली त्यांनी एका नियतकालिकात हेच शब्दमोजणीचे काम सहा आज्ञांच्या एका साखळीत करून दाखवले होते. ती साखळी आजच्या लिनक्स या मुक्त कार्यप्रणालीवरही चालते.

मराठीसाठी थोडी काळजी घ्यावी लागते. शब्द तोडताना ‘अक्षर नसेल तिथे तोड’ असे सांगू नका. काना-मात्रा आणि हलन्त यांना अक्षर मानायचे की नाही, याविषयी सगळ्या प्रोग्रामांचे एकमत नाही. ‘मोकळी जागा आणि विरामचिन्हे असतील तिथे तोड’ असे सांगा. देवनागरी आकडे इंग्रजी आकड्यांत बदलायचे असतील तर सेड वापरा, कारण लिनक्सवरची टीआर ही अक्षरे बदलणारी आज्ञा एकेक बाइट पाहते आणि यूटीएफ-८ या युनिकोड साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे असते. सॉर्टला देवनागरी आकडे संख्या म्हणून कळत नाहीत, हेही ध्यानात ठेवा.

आणि खास आपला ‘ऱ्य’! ‘दुसऱ्या’ हा शब्द ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर घेऊन लिहिता येतो, किंवा साध्या ‘र’ला हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह देऊन. दोन्ही दिसतात सारखे, पण शोधताना एक सापडतो आणि दुसरा हुकतो. ‘ॲ’चेही तसेच. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले, त्याआधीच्या मजकुरात ‘अ’वर वेगळा चंद्र लावलेला असतो. ‘बँक’ दोन तऱ्हांनी लिहिलेली सापडेल. तक्त्याच्या शेवटी या सगळ्यांना एकाच रूपात आणणाऱ्या ओळी घाला. त्यानंतर ग्रेप या शोधणाऱ्या आज्ञेने वीस वर्षांच्या मजकुरातून एखाद्या गायकाचे किंवा गणेशोत्सवाच्या अध्यक्षांचे नाव क्षणात सापडेल.

हे मी आग्रहाने सांगतो, कारण मंडळांच्या स्मरणिका, शाळांची वार्षिके, कामगार संघटनांची पत्रके अशा मजकुरात या शहराचा इतिहास आहे आणि त्याची प्रत अनेकदा तुमच्यासारख्या सेंटरच्या हार्ड डिस्कखेरीज कुठेच नसते. मंडळाचा एक अंक झाला की थांबू नका. बाकीचेही सोडवा.

मुलुंडमधील आमच्या सोसायटीत ८४ सदनिका आहेत. देखभाल शुल्काच्या बिलांसाठी एक ॲप घेतले होते. दिसायला सुंदर, पण वर्गणी वाढली म्हणून सोडले, तर आमचाच हिशेब फक्त पीडीएफमध्ये हातात आला. आता दुसरे ॲप घ्यावे की एक्सेल बरे? — सचिव

८४ सदनिकांना स्प्रेडशीट पुरते. लिबरऑफिस फुकट आहे; त्यातल्या कॅल्कमध्ये हिशेब ठेवून रायटरमधली मेल मर्ज वापरली की ८४ बिले एका बैठकीत निघतात. सभासदांची यादी, मासिक आकारणी आणि जमा रकमा अशी तीन पाने ठेवा. महिनाअखेरीला तिन्ही सीएसव्ही म्हणून साठवा. सीएसव्ही म्हणजे स्वल्पविरामांनी तोडलेला साधा मजकूर. तो नोटपॅडमध्येही वाचता येतो आणि पुढच्या कार्यकारिणीला कोणताही प्रोग्राम आवडला तरी त्यात घेता येतो. लेखापरीक्षकांना टॅली लागत असेल तर टॅलीही असू द्या, त्याला माझा विरोध नाही. मूळ नोंद मात्र सोसायटीकडे राहिली पाहिजे.

सदनिका क्रमांकांचा रकाना आधीच ‘टेक्स्ट’ करून ठेवा. तसे केले नाही तर ‘००२’मधली शून्ये जातात आणि ‘३/४’ची तारीख होते. हा त्रास फक्त आपल्याला नाही. मानवी जनुकांना नावे देणाऱ्या समितीने २०२० साली काही जनुकांची नावे बदलली, कारण एक्सेल त्यांना मार्च आणि सप्टेंबरच्या तारखा समजत होते!

पुन्हा ॲप घ्यायचेच ठरले, तर करारावर सही करण्याआधी एक गोष्ट त्यांच्याकडून समोर बसून करून घ्या: सगळ्या सभासदांचा सगळा हिशेब सीएसव्हीमध्ये काढून दाखवा म्हणा. ‘तशी सोय लवकरच येते आहे’ असे उत्तर मिळाले तर उठा.

मी कलिना संकुलात मराठीत पीएच.डी. करते आहे. वर्डमधली प्रबंधाची फाइल ३५० पानांच्या पुढे गेली आहे, तळटीपा हलतात, फाइल अडकते. मैत्रीण म्हणते लाटेक शीक. मार्गदर्शक मात्र वर्डमध्येच सुधारणा करून देतात.

प्रबंध कधी सादर करायचा, ते तुम्ही लिहिलेले नाही. दोन-तीन महिन्यांत द्यायचा असेल तर आता काही नवे शिकू नका. प्रत्येक प्रकरणाची वेगळी फाइल करा, शीर्षकांना हाताने ठळक करण्याऐवजी वर्डमधल्या स्टाइल्स लावा, चित्रे लहान करून घाला. एवढ्यानेही पुष्कळ आराम पडेल.

वर्षभर हाताशी असेल तर मैत्रिणीचे ऐका. डोनाल्ड नुथ यांनी टेक हे छपाईसाठी मजकूर जुळवणारे साधन १९७८ साली आणले, लेस्ली लॅमपोर्ट यांनी त्यावर लाटेक उभारले आणि २००४ मध्ये आलेल्या झीटेकमुळे युनिकोड मराठी त्यात सरळ लिहिता येऊ लागली. आयआयटी मुंबईने तयार केलेला शोभिका हा मुक्त फॉन्ट विद्वत्तेच्या लेखनासाठीच आहे, जोडाक्षरे आणि संस्कृत उद्धरणे त्यात देखणी उमटतात. आयआयटी मुंबईच्याच स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लाटेकचे पाठ आहेत. घरी बसून, फुकट शिकता येते.

मार्गदर्शकांशी वाद घालू नका. प्रकरणे मार्कडाउनमध्ये, म्हणजे थोड्या खुणा असलेल्या साध्या मजकुरात लिहा. पॅनडॉक हा प्रोग्राम त्याच फाइलीतून सरांसाठी वर्डची फाइल काढून देतो आणि छपाईसाठी लाटेकमार्गे पीडीएफही. सरांनी केलेल्या सुधारणा मूळ फाइलीत तुम्हाला हाताने आणाव्या लागतील. मला ते अडचणीचे वाटत नाही, कारण त्या निमित्ताने प्रत्येक सुधारणा नीट वाचली जाते.

जुनेच सगळे चांगले, असे तुमचे म्हणणे आहे का? — एक वाचक, चेंबूर

नाही. नकाशे, व्हिडिओ कॉल, यूपीआय मीही फोनवरच वापरतो आणि फोटोतला रंग सुधारायला चित्रे दाखवणारा प्रोग्रामच लागतो. मी साधन निवडताना एवढेच बघतो, की ते उद्या बंद पडले तर माझे काम दुसऱ्या कशात उघडेल का. एसक्यूलाइट हा डेटाबेस २००० साली आला, जवळजवळ प्रत्येक स्मार्टफोनमध्ये आहे, सगळा डेटा एका फाइलीत ठेवतो आणि त्याचे कर्ते २०५० पर्यंत तो सांभाळण्याचे जाहीर करून बसले आहेत. हे जुने की नवे, ते तुम्हीच ठरवा.

वडिलांचा लॅपटॉप आठ-नऊ वर्षांचा आहे, ४ जीबी रॅम. विंडोज ११ त्यावर चढत नाही. दुकानदार म्हणतो नवा घ्या. वडील मेल, पेपर वाचणे आणि मराठी पत्रलेखन एवढेच करतात. — अंधेरी

विंडोज १०ची नेहमीची सुरक्षा अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते. दुकानदाराचा रोख त्याकडे असणार. पण वडिलांच्या कामासाठी नवा लॅपटॉप लागत नाही. आत फिरती हार्ड डिस्क असेल तर ती काढून एसएसडी बसवा. लॅमिंग्टन रोडवर हे काम तुमच्यासमोर होते. रॅम वाढत असेल तर ८ जीबी करा. मग लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती पेन ड्राइव्हवर घेऊन, काहीही न पुसता, त्यावरूनच लॅपटॉप सुरू करून बघा. वायफाय, प्रिंटर, आवाज आणि इनस्क्रिप्ट कळफलक चालतो आहे याची खात्री झाली की मगच कायमचे बसवा. वडील डिजिटल सहीचा डोंगल वापरत असतील तर तो आधी तपासा, अडचण आली तर तिथेच येते. पहिल्या आठवड्यात त्यांच्याजवळ बसायला मात्र कुणीतरी हवे.

लग्नाचे फोटो काढतो. क्लाउड महाग पडते. दोन हार्ड डिस्कवर आरसिंक पुरेल का? — कुर्ला

आरसिंक, म्हणजे फाइलींची प्रत दुसरीकडे जुळती ठेवणारी आज्ञा, हे साधन योग्य निवडले आहे. अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांचे हे १९९६ सालचे काम. बदललेले तेवढेच पाठवते, म्हणून रोज चालवले तरी वेळ खात नाही. पण दोन्ही डिस्क घरातच असतील तर पुरणार नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. कुर्ल्यात राहणाऱ्याला पुढचे सांगायला नको. दुसरी डिस्क नातेवाइकाकडे, वरच्या मजल्यावर ठेवा आणि दर आठवड्याला अदलाबदल करा. पुसलेल्या फाइली दुसरीकडेही पुसण्याचा पर्याय सुरुवातीला बंद ठेवा. कोणतीही नवी आज्ञा आधी ‘ड्राय रन’ म्हणून चालवून ती काय करणार आहे ते वाचा.

बोरिवलीहून रोज चर्चगेटला जातो, सिस्टम ॲडमिनचे काम करतो. व्हिम शिकावे असे बरेच दिवस मनात आहे. मराठी लेखनही त्यातच करता येईल का?

कामासाठी जरूर शिका. ब्रॅम मूलेनार यांनी १९९१ साली आणलेला हा एडिटर, किंवा त्याचा पूर्वज व्हीआय, जवळजवळ प्रत्येक सर्व्हरवर सापडतो. ‘काय करायचे’ आणि ‘कुठपर्यंत’ अशा दोन खुणा जोडत जायच्या: पुसणे अधिक शब्द, बदलणे अधिक अवतरणातला मजकूर. दहा-बारा खुणा अंगवळणी पडल्या की शेकडो कामे त्यांच्या जोडण्यांतूनच निघतात. व्हिमसोबत व्हिमट्यूटर येतो, त्याला अर्धा तास लागतो. तो एकदा वाचून सोडू नका, आठवडाभर रोज करा, आणि पहिल्या आठवड्यात प्लगइन एकही बसवू नका.

मराठीसाठी मात्र मी व्हिम सुचवणार नाही. बहुतेक टर्मिनलांत काना-मात्रा आणि जोडाक्षरे नीट बसत नाहीत, कर्सर एकीकडे दिसतो आणि अक्षर दुसरीकडे पुसले जाते. शिवाय कळफलक मराठीवर असला की व्हिमच्या आज्ञा चालत नाहीत. मराठी मजकुरासाठी केट किंवा माउसपॅडसारखा साधा ग्राफिकल एडिटर घ्या. शिकण्याची तयारी असेल तर ईमॅक्स हा एडिटर त्याच्या स्वतःच्या खिडकीत चालवा. २०२० सालच्या २७व्या आवृत्तीपासून त्यात हार्फबझ हे अक्षरे जोडून आकार देणारे साधन आहे, त्यामुळे देवनागरी व्यवस्थित उमटते. इनस्क्रिप्टही त्यात अंगचेच आहे, आणि ते ईमॅक्सच्या आत चालत असल्याने कंट्रोल आणि मेटा (ऑल्ट) कळांच्या आज्ञा मराठी टाइप करतानाही तशाच चालतात.