शीव म्हणजे शंकर नाही

प्रश्न असा होता की सायन स्टेशनच्या पाटीवर मराठीत 'शीव' असतं ते शंकराच्या नावावरून का, आणि तसं असेल तर शि ऱ्हस्व का नाही.

शंकराचा इथे काही संबंध नाही. शीव (ती शीव) म्हणजे गावाची सीमा. संस्कृत 'सीमा'तल्या म चा व झाला, नाम चं नाव झालं तसाच. शिवार त्याच घरातला, आणि शिलंगण म्हणजे पण सीमोल्लंघनच, तिथे बिचारा म गळूनच गेलाय. देवाचा शिव तत्सम (संस्कृतातून जसाच्या तसा आलेला) म्हणून ऱ्हस्व राहतो, आपली शीव तद्भव (बदलून आलेली) म्हणून उपान्त्य, म्हणजे शेवटून दुसरं अक्षर, दीर्घ.

वेस, शीव आणि हद्द यात मात्र लोक फार घोळ घालतात. वेस म्हणजे गावात शिरायचा दरवाजा, शीव त्याच्या बरीच पुढे, गावाची शेतं संपतात तिथे, आणि हद्द अरबीतून आलेला, कागदावरचा शब्द, म्हणून पोलीस ठाण्याची हद्द म्हणतो, पोलीस ठाण्याची शीव कोणी म्हणत नाही.

मुंबईतली शीव खरीखुरी शीवच होती. इंग्रजांचा ताबा तिथे संपायचा आणि पलीकडे पोर्तुगीजांचं साष्टी बेट, म्हणून तर टेकडीवर किल्ला आहे. पुढे महापालिकेची हद्दही १९५० पर्यंत शीव-माहीमपाशीच थांबायची, मग ती जोगेश्वरी-भांडुपला सरकली, १९५७ मध्ये थेट दहिसर-मुलुंडला गेली, पण नाव काही सरकलं नाही. शिवेपलीकडचं सगळं अजून 'उपनगर'च, आणि उप म्हणजे मुळात 'जवळचं' असलं तरी आपल्या कानाला ते उपमंत्र्यासारखं दुय्यमच वाटतं ना, आता २०११ च्या जनगणनेत शहर जिल्हा ३१ लाखांच्या आत आणि उपनगर जिल्हा ९३ लाखांच्या वर, म्हणजे उप कोण आणि मुख्य कोण ते तुम्हीच बघा!

वापराचं एक राहिलं. सामान्य नाम असेल तर 'शिवेवर', जागेचं नाव असेल तर 'शीवला'. शहरात, म्हणजे शीवच्या दक्षिणेला, रिक्षाला परवानगी नाही, त्यामुळे कुर्ल्याहून रिक्षा केली की रिक्षावाला शीवला सोडतो आणि पुढे टॅक्सी बघा म्हणतो. या वाक्यात 'शिवेवर सोडतो' लिहिलंत तरी चूक नाही.