मल्याळम कादंबरीवर पीएचडी करायची, तर आधी मल्याळम

ताई, सप्रेम नमस्कार.

लेक इंग्रजीत एम.ए. करतेय आणि तिला मल्याळम कथा-कादंबऱ्यांतला पर्यावरणीय स्त्रीवाद (बाईचं आणि निसर्गाचं शोषण एकत्र बघणारा विचार), वंचित बायकांचा आवाज यावर पीएचडी करायचीय. "यातून पोट कसं भरणार?" असं तुम्ही विचारलंय. काळजी रास्त आहे. कॉलेजांत कायम जागा थोड्या निघतात. नेट, म्हणजे प्राध्यापकीसाठीची पात्रता परीक्षा, तिनं द्यावीच. त्यातून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर सुरुवातीला महिना ३७,००० रुपये मिळतात, आणि मुलींना वयात ५ वर्षांची सवलत आहे. पण विषय सोडायला लावू नका.

विषयात दम आहे. सारा जोसेफ यांच्या 'आति' या कादंबरीत पाणथळ जमिनीवर भराव पडतो आणि पाण्यावर जगणारं गाव मोडतं. अंबिकासुतन मांगाड यांच्या 'एन्मकजे' या कादंबरीमागे केरळातल्या कासरगोडच्या काजूबागांवर हेलिकॉप्टरनं फवारलेलं एंडोसल्फान हे कीटकनाशक आहे. मात्र "बाई म्हणजे निसर्ग" असं म्हणून तिनं थांबू नये. अर्थतज्ज्ञ बीना अगरवाल यांनी १९९२ मध्येच बजावलंय की बाईचं रानाशी नातं तिच्या कामातून येतं. पाणी कोण भरतं, सरपण कोण आणतं, सातबारा कुणाच्या नावावर आहे, हे आधी बघायचं.

आणि आवाज कुणाचा, हेही. वायनाडच्या आदिवासी नेत्या सी. के. जानू यांची जीवनकथा घ्या. त्यांनी सांगितलं, भास्करन यांनी मल्याळममध्ये लिहून काढलं, २००४ मध्ये ते 'मदर फॉरेस्ट' नावानं इंग्रजीत आलं. तुमच्या लेकीच्या हाती पडेपर्यंत तो आवाज किती हातांतून गेला! कुठे काय गळलं, हे इंग्रजी प्रत वाचून कसं कळणार?

म्हणून माझा आग्रह एकच, तिनं मल्याळम शिकावं. लिपी गोलाईदार आहे, पहिल्यांदा बिचकायला होतं, पण रोज तासभर गिरवली तर बसते. वाचता यायला वर्ष-दीड वर्ष जाईल, जाऊ द्या. पोटापाण्याचा रस्ताही मला तिथेच दिसतो. मल्याळममधून थेट मराठीत आणणारे हात फार कमी आहेत. अनुवाद, संपादन, प्रकाशन, तौलनिक साहित्याचे विभाग, सगळीकडे ही भाषा तिच्या कामी येईल. नेटलाही तौलनिक साहित्य हा वेगळा विषय आहे.

गाइड ठरवताना तिनं एवढं विचारावं: मूळ मल्याळम वाचणारं कुणी सहमार्गदर्शक म्हणून मिळेल का? नाही म्हणाले, तर दुसरं विद्यापीठ बघा.